आधी कोण फुटलं, बेट की बेडूक?

वाचकांचे प्रश्न

प्राणी आणि वनस्पती आज जिथं आहेत तिथं कधी आणि कशा पोचल्या, हे शोधण्याच्या पद्धतींबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. वंशवृक्षात एका वंशाचे दोन होतात त्या जागेला आम्ही ‘फाटा’ म्हटलं आहे आणि आजच्या जातींना ‘शेंडे’.

प्रश्न : केरळातल्या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर सापडतात. म्हणजे सेशेल्स भारतापासून तुटलं तेव्हा हे दोन वंश वेगळे झाले, असं धरायला काय हरकत आहे? (पुणे)

हा बेडूक गोंडवनाच्या (दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडाच्या) काळापासून भारतीय भूखंडावर आहे, एवढं म्हणायला काहीच हरकत नाही. ‘तुटलं तेव्हा’ या शब्दांना मात्र आहे. नातं कोणाशी हे वंशवृक्ष सांगतो. फारकत कधी झाली हे वेगळं मोजावं लागतं, आणि कारणाबद्दल बोलायचं ते त्यानंतर.

नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस ही जात एस. डी. बिजू आणि त्यांचे बेल्जियन सहकारी फ्रँकी बोसाउट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. नातं डीएनएवरून ठरलं : सेशेल्सचं सूग्लॉसिडी हे बेडूककुळ त्याचं भगिनी कुळ, म्हणजे एकाच फाट्यावरून निघालेली दुसरी फांदी. आता भूशास्त्राच्या तारखा घ्या. भारत मादागास्करपासून सुटला सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी. सेशेल्स भारतापासून सुटलं सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा मोठा भर (६ कोटी ६० लाख) ओसरल्यावर. आणि त्या २००३ च्या मोजणीत बेडकांची फारकत १० कोटी वर्षांहूनही जुनी निघाली. बेट तुटण्याच्या कितीतरी आधी भावकी वेगळी झाली होती. वाटणीपत्र आधीच झालेलं, भिंत नंतर उभी राहिली.

फाट्याचं वय भूभाग तुटण्याच्या वयाशी जुळलं तर ‘भूभाग दुभंगला म्हणून ताटातूट’ हे स्पष्टीकरण टिकतं. फाटा तुटण्याहून तरुण निघाला, तर कोणीतरी नंतर समुद्र ओलांडला असं मानावं लागतं. जुना निघाला तर दोन्ही वंश जोडलेल्या भूमीवर आधीपासून वेगळे नांदत होते आणि नंतर एक इकडे, एक तिकडे शिल्लक राहिला, म्हणजेच मधले बरेच नामशेष झाले. जांभळ्या बेडकाची गोष्ट या तिसऱ्या प्रकारची. नामशेष झालेल्यांचा पुरावा शेंड्यांवर नसतो, म्हणून ही शक्यता सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते.

वयाशिवाय नुसत्या वृक्षावरून उत्तर काढलं तर काय होतं तेही पाहा. फ्रेडरिक रॉन्क्विस्ट यांच्या १९९७ च्या ‘डिव्हा’ पद्धतीत प्रत्येक घटनेला किंमत असते : भूभाग दुभंगून झालेली ताटातूट फुकट, त्याच प्रदेशात झालेली फारकत फुकट, नव्या प्रदेशात पसरणं १, एखाद्या प्रदेशातून नाहीसं होणं १. ज्या इतिहासाची बेरीज सर्वांत कमी तो निवडायचा. आता दोनच शेंडे द्या, एक सह्याद्री आणि एक सेशेल्स. पूर्वज दोन्हीकडे होता आणि भूमी दुभंगली, या इतिहासाला खर्च शून्य. दुसऱ्या कुठल्याही इतिहासाला किमान १. म्हणजे बेडूक असो, गोगलगाय असो, की काल जहाजातून गेलेला उंदीर असो, दोन शेंड्यांच्या झाडावर उत्तर ‘ताटातूट’ हेच येणार. ते आपण विचारण्याआधीच ठरलेलं आहे.

प्रश्न : आमच्या खाडीतल्या कालुंदर माशाचे भाऊबंद मादागास्करमध्ये आहेत असं ऐकलं. ते जमिनीबरोबर वेगळे झाले की पोहत गेले? (सिंधुदुर्ग, गोवा)

कालुंदर म्हणजे एट्रोप्लस सुरातेन्सिस, केरळातला करीमीन. सिक्लिड कुळातले मोजकेच मासे मूळचे भारतातले आहेत आणि त्यांचा भगिनी गट पॅरेट्रोप्लस हा मादागास्करचा. हे नातं पक्कं आहे. वयावर मात्र अभ्यासकांचे दोन तट आहेत, आणि पद्धत शिकायला यासारखं उदाहरण नाही.

डीएनएतले फरक वेळेत बदलायचे तर घड्याळ कुठंतरी लावून घ्यावं लागतं, म्हणजे एखाद्या फाट्याला बाहेरून वय द्यावं लागतं. काहींनी हे वय सिक्लिडांच्याच वाटणीवरून दिलं : गोंडवनाचे तुकडे झाले तेव्हा माशांचेही फाटे पडले असं धरलं आणि घड्याळ त्यावर लावलं. अशा घड्याळानं कालुंदर आणि त्याचा मादागास्करी भाऊ ८-९ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असं सांगितलं, तर त्यात नवल नाही. जे घातलं तेच बाहेर आलं. यावरून ‘ताटातूट सिद्ध झाली’ म्हणणं हा निव्वळ घोळ आहे, तरी तो छापून येतो.

दुसऱ्या तटानं घड्याळ फक्त जीवाश्मांवर लावलं. सिक्लिडांचे सर्वांत जुने जीवाश्म टांझानियातल्या माहेंगे इथले, सुमारे ४ कोटी ६० लाख वर्षांचे. २०१३ मध्ये मॅट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी जीवाश्मांच्या आधारे अख्ख्या कुळाचंच वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास काढलं. पूर्वजच इतका तरुण, तर ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या फाटाफुटीशी नातवंडांचा संबंध उरत नाही. मग समुद्र ओलांडणं आलं. कालुंदर खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत राहतो, त्यामुळे ही कल्पना हास्यास्पद नाही. सोपीही नाही. त्या काळात भारत वर्षाला १५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं उत्तरेकडे सरकत होता, आणि अंतर वाढतच होतं. पहिल्या तटाचं म्हणणं असं, की जुने जीवाश्म अजून सापडले नसतील. सापडले नसतील हे खरं, पण चार कोटी वर्षांची पोकळी नशिबावर ढकलायला मोठी आहे. आमचा कौल तूर्त दुसऱ्या तटाकडे.

स्वतः करून पाहणाऱ्यांसाठी : ज्या फाट्याबद्दल प्रश्न विचारायचा आहे त्यावर वय कधीच बांधू नका, आणि भूशास्त्रीय घटनेची तारीख तर त्या झाडावर कुठंच वापरू नका. शिवाय बीस्टसारख्या (डीएनएवरून फाट्यांची वयं काढणाऱ्या) प्रोग्राममध्ये एक धाव डीएनए न देता, नुसत्या पूर्वगृहीतांवर (आपण आधीच घातलेल्या वयांच्या अंदाजांवर) काढा. तशीही तीच तारीख येत असेल, तर ती डीएनएनं सांगितलेली नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बायोजिओबेअर्स (पूर्वज कुठल्या प्रदेशांत होते याचा अंदाज काढणारा प्रोग्राम) वापरते आहे. सहा मॉडेलं चालवली. ‘जे’ (फाट्यावरची उडी) असलेलं मॉडेल दरवेळी जिंकतं, ‘ई’ (प्रदेशातून नाहीसं होण्याचा दर) शून्य येतो आणि मुळाशी पूर्वज सगळ्याच प्रदेशांत दिसतो. मुळाचा पूर्वज सर्वदूर होता असं लिहू का? (कोल्हापूर)

लिहू नका. आधी फायली तपासा. निम्मे घोटाळे तिथंच असतात.

झाड कालमापन झालेलं, सगळे शेंडे एका रेषेत आणि प्रत्येक फाट्याला दोनच फांद्या, असं हवं. बीस्टच्या धावेवरून एकच सारांश-झाड काढताना फाट्यांना सरासरी उंची दिली, तर क्वचित एखाद्या फांदीची लांबी ऋण निघते. झाड चित्रात नीट दिसतं आणि प्रोग्राम अडकतो, किंवा अडकत नाही, जे जास्त वाईट. सगळ्या लांब्यांतली सर्वांत लहान छापून बघा. ०.०००००१ पेक्षा लहान फांदीवरचा शेंडा हा प्रोग्राम थेट पूर्वज समजतो, फाटा समजत नाही. एका जातीचे दहा नमुने ठेवले, तर अशा काड्या पुष्कळ होतात आणि ‘त्याच प्रदेशात फारकत’ची संख्या फुगते. एका जातीचा एकच शेंडा ठेवा, बाकी छाटा.

प्रदेशांच्या फाईलमध्ये पहिल्या ओळीत शेंड्यांची संख्या, प्रदेशांची संख्या आणि कंसात प्रदेशांची अक्षरं, मग दर ओळीला जातीचं नाव, टॅब, आणि शून्य-एकची माळ. चार प्रदेशांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यात असलेली जात म्हणजे ०१०१. (फाईलमध्ये अंक आणि अक्षरं रोमनच हवीत, देवनागरी प्रोग्रामला कळत नाहीत.) माळेच्या आधी टॅबऐवजी जागा सोडली, किंवा नावात झाडाशी न जुळणारी एक अधोरेषा राहिली, की धाव तिथंच थांबते.

आता मॉडेलं. रिचर्ड री आणि स्टीफन स्मिथ यांच्या २००८ च्या डीईसी मॉडेलमध्ये फांदीवर दोन गोष्टी होतात : डी या दरानं नव्या प्रदेशात पसरणं आणि ई या दरानं एखाद्या प्रदेशातून नाहीसं होणं. फाट्यावर तिसरी गोष्ट होते : पूर्वजाचा प्रदेश दोन लेकरांत वाटला जातो. या वाटणीचे नियम तीन मॉडेलांत वेगळे. डीईसीत एक लेकरू अख्खा प्रदेश राखून दुसरं त्यातल्या एका तुकड्यात सुरू होऊ शकतं. डिव्हासारख्या मॉडेलात हे चालत नाही, पण मोठ्या प्रदेशाचे दोन मोठे तुकडे चालतात. बेएरियासारख्यात ताटातूटच नाही, दोघांना सगळं मिळतं. ‘जे’ म्हणजे फाट्यावरच उडी मारून नव्या जागी वसाहत. तो तिन्हींना जोडला की सहा मॉडेलं.

तुलना एआयसी या आकड्यानं करतात, तो जितका कमी तितकं मॉडेल चांगलं : मापकांच्या (मॉडेलमधल्या डी, ई, जे अशा दरांच्या) संख्येची दुप्पट, वजा लॉग-लाइकलीहुडची (मॉडेल माहितीशी किती जुळतं याच्या मापाची) दुप्पट. समजा डीईसीचा लॉग −४८.६ आणि मापक २, तर एआयसी १०१.२. जे जोडल्यावर −४२.१ आणि मापक ३, तर ९०.२. फरक ११. कागदावर जे जिंकला. पण री आणि इसाबेल सानमार्टिन यांनी २०१८ मध्ये दाखवलेली अडचण अशी, की फांदीवरच्या घटनेला वेळेची किंमत मोजावी लागते आणि फाट्यावरच्या उडीला नाही. मग मॉडेल सगळं ओझं उड्यांवर टाकतं आणि डी, ई दोन्ही शून्याकडे जातात. प्रोग्रामचे कर्ते निक मॅट्झके यांनी ही टीका मान्य केलेली नाही, आणि बेटांवरच्या जीवांसाठी उडी खरोखरच हवी. त्यामुळे जे टाकून देऊ नका, पण डी आणि ई दोन्ही शून्य आले असतील तर विजयाचा गुलाल उधळू नका. दोन्ही निकाल शेजारी छापा आणि कुठल्या फाट्यांचं उत्तर बदललं तेवढं सांगा. बऱ्याच फाट्यांचं बदलत नाही, आणि भरवशाचं म्हणून मांडण्यासारखं तेच असतं.

एक साधी तपासणी : जे जोडलेल्या मॉडेलचा लॉग मूळ मॉडेलपेक्षा कधीही वाईट येऊ शकत नाही, कारण जे शून्य ठेवला की तेच मॉडेल परत मिळतं. वाईट आला तर शोध मध्येच अडकला. डीईसीचे डी आणि ई सुरुवातीचे आकडे म्हणून देऊन पुन्हा चालवा. जे स्वतःच्या कमाल मर्यादेला टेकला असेल (डीईसीत ३, डिव्हासारख्यात २, बेएरियासारख्यात १, यांच्या किंचित खाली), तर तो निकाल वापरू नका.

ई शून्य येणं हे जवळपास नेहमीचंच. नामशेष झालेले शेंडे झाडावर नाहीत, त्यामुळे मॉडेलला नामशेष होणं दिसतच नाही. ‘या गटात स्थानिक विलोप झाला नाही’ असा त्याचा अर्थ काढू नका. सर्वदूर पसरलेला मूळ पूर्वज हे त्याचंच भावंड : मुळाच्या पलीकडे माहिती नाही, विलोप फुकटात टळतो, म्हणून पूर्वजाला सगळे प्रदेश दिले की हिशेब सोपा जातो. उपाय दोन. एक, एखादी जात जास्तीत जास्त किती प्रदेशांत असू शकते ही मर्यादा घाला. आजची कुठलीही जात दोनपेक्षा जास्त प्रदेशांत नसेल, तर पूर्वजाला सहा द्यायचं कारण नाही. दुसरा, बाहेरच्या प्रदेशांतले एकदोन जवळचे गट झाडात ठेवा, म्हणजे मूळ एक पायरी खाली सरकतं आणि तुमचा फाटा मधे येतो.

शेवटी एकाच झाडावर विसंबू नका. कालमापनाच्या धावेतून १०० झाडं उचला, प्रत्येकावर मॉडेल चालवा. आणि फाट्यावरच्या शक्यतांच्या वर्तुळात सर्वांत मोठा तुकडा ०.३८ चा असेल तर प्रबंधात ०.३८ लिहा. ‘पूर्वज सह्याद्रीत होता’ असं वाक्य लिहून आकडा परिशिष्टात ढकलायचा, हे परीक्षकाला कळतं.

प्रश्न : सह्याद्री हा एक प्रदेश धरावा की पालघाट खिंड, गोवा खिंड अशा ठिकाणी तोडून चार? (नाशिक)

प्रश्न कुठल्या अंतराचा आहे त्यावर. भारत-सेशेल्स-मादागास्कर विचारत असाल तर सह्याद्री एकच. खिंडींनी वंश तोडले का, हे विचारत असाल तर तोडावाच लागेल, आणि मग आफ्रिका-आशिया असे खंड शेजारी ठेवू नका.

जास्त प्रदेशांची किंमत यंत्र वसूल करतं. दहा प्रदेश असतील तर प्रदेशांचे शक्य संच दोनाचा दहावा घात, म्हणजे १,०२४. कमाल तीनची मर्यादा घातली तर १ + १० + ४५ + १२० = १७६. मर्यादा न घातलेला हिशेब ढोबळमानानं २०० पट महाग पडतो. मर्यादा न घालता पाच-सहा प्रदेशांपुढे जाऊ नये. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमा प्रदेश म्हणून धरलेले प्रकल्प अजून येतात. बेडकाला सातारा संपून सांगली सुरू झाल्याचं कळत नाही.

प्रश्न : सातपुडा सिद्धान्त आज तपासायचा तर काय करावं लागेल? (जळगाव, अमरावती)

आधी सिद्धान्त. सुंदरलाल होरा हे माशांचे अभ्यासक. वेगवान ओढ्यांत खडकाला चिकटून राहणाऱ्या काही माशांचे नातेवाईक त्यांना सह्याद्रीत आणि थेट ईशान्य भारत-मलायात दिसले, मधल्या सपाटीत नाहीत. असा मासा संथ नदीतून जाणार नाही, तेव्हा डोंगरांची सलग वाट हवी. १९४०च्या दशकात त्यांनी ती वाट विंध्य-सातपुड्यातून काढली आणि काळ हिमयुगांचा धरला. गारो-राजमहालची खिंड हा तिच्यातला अवघड टप्पा.

या सिद्धान्ताची खुबी अशी, की तो तपासता येईल इतका नेमका आहे. तो बरोबर असेल तर सह्याद्रीतला वंश हा सातपुड्यातल्या वंशाच्या पोटात बसला पाहिजे आणि सातपुड्यातला ईशान्येकडच्याच्या. फाट्यांची वयं गेल्या २६ लाख वर्षांतली, म्हणजे हिमयुगांच्या काळातली हवीत. आणि एकाच नव्हे, अनेक गटांत साधारण तोच क्रम हवा. क्रम जुळला पण वय दीड कोटी निघालं, तर वाट तीच असेल, होरांचा काळ चुकला. क्रमच जुळला नाही आणि सह्याद्री व ईशान्य थेट भगिनी निघाले, तर पूर्वी सगळीकडे ओलं जंगल होतं आणि मधलं सुकलं, हाही पर्याय तितकाच उघडा राहतो. पूर्व घाटाची वाट वेगळी तपासावी लागते.

बहुतेक प्रयत्न अडतात ते मध्य भारतातले नमुने नसल्यामुळे. सह्याद्रीचे ४० आणि पचमढी, अमरकंटक, मेळघाटचा एकही नाही, अशा झाडावर सातपुडा उत्तरात येणारच नाही. दर ठिकाणाहून निदान ५ ते १० नमुने, आणि नुसता मायटोकॉन्ड्रियाचा एक जनुक न घेता केंद्रकातले काही जनुकही घ्या. आईकडचा वारसा एकट्यानं कधीकधी भलताच नकाशा काढतो. वनखात्याची परवानगी पावसाळ्याच्या पुष्कळ आधी मागा, ओढ्याला पाणी असतानाच काम होतं.

प्रश्न : जातींच्या वंशवृक्षांवरून प्रदेशांचाच वंशवृक्ष काढतात म्हणे. मग सह्याद्रीचा भगिनी प्रदेश कोणता? वरळीच्या जीवाश्म बेडकाचा इथं काही उपयोग होतो का? (मुंबई)

काढतात. जातीच्या नावाच्या जागी तिचा प्रदेश लिहायचा, अशी दहावीस झाडं घ्यायची आणि त्यांतला समान साचा शोधायचा. ब्रुक्स यांच्या पद्धतीत प्रत्येक झाडाचा प्रत्येक फाटा हा शून्य-एकचा एक रकाना होतो आणि सगळ्या रकान्यांवरून प्रदेशांचं झाड निघतं. अनेक प्रदेशांत पसरलेली जात आणि एखाद्या प्रदेशात मुळी नसलेला गट, या दोन ठिकाणी ती अडखळते.

तुमच्या प्रश्नाला मात्र एक उत्तर नाही. खंडाळ्याचा इंडोटिफ्लस, आंबोली आणि रत्नागिरीकडचे जेजेनिओफिस ही देवगांडुळं (गांडुळासारखे दिसणारे, पाय नसलेले उभयचर) सेशेल्सच्या देवगांडुळांच्या जवळच्या नात्यातली. जांभळा बेडूकही तेच सांगतो. होरांचे मासे पूर्वेकडे बोट दाखवतात. दोघंही खरे असू शकतात, कारण भारतीय भूखंड आधी मादागास्कर-सेशेल्सपासून सुटला आणि नंतर, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, आशियाला भिडला. प्रदेशांच्या इतिहासात जोड असतात आणि झाडाच्या चित्रात फक्त फाटे. सगळे गट एकत्र कालवले तर दोन इतिहासांची सरासरी निघते, जी कुणाचीच नसते. फाट्यांची आधी वयानुसार विभागणी करा, ५ कोटींच्या आधीचे वेगळे, नंतरचे वेगळे, आणि मग साचा शोधा. बायोजिओबेअर्समध्ये हेच काम कालखंडांची फाईल आणि प्रत्येक खंडासाठी ‘कुठून कुठं जाणं किती सोपं’ हा तक्ता देऊन होतं. त्या तक्त्यात ठाम शून्य लिहू नका, ०.०१ लिहा. शून्य म्हणजे समुद्र ओलांडणं अशक्य असं तुम्हीच ठरवलंत.

वरळीचा बेडूक रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये राना पुसिला म्हणून नोंदवला, आज तो इंडोबॅट्राकस. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडल्यामुळे त्याचं वय चांगलं बांधलेलं आहे. अडचण आहे ती नात्याची. काहींनी तो ऑस्ट्रेलियातल्या बेडकांजवळ ठेवला, पण ते पक्कं धरलं जात नाही. घड्याळ लावायला जीवाश्म झाडात कुठं बसतो हे आधी कळावं लागतं, आणि बसला तरी तो फाट्याचं फक्त किमान वय देतो. त्यामुळे एवढा जवळचा, इतक्या संख्येनं सापडलेला बेडूक असूनही आज तो बेडकांच्या वंशवृक्षाचं घड्याळ लावायला घेऊ नये. दख्खनचा लाव्हा वाहत असताना मुंबईच्या जागी गोड्या पाण्याची डबकी होती, एवढं मात्र तो नक्की सांगतो.